किती चालतो

गुलाब तांबोळींना विचारलं, टायर किती चालतो?
त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सायकलकडे,
पाना पुसत म्हणाले,
वजन किती तुमचं?

अडुसष्ट, मी म्हटलं.
एकाहत्तर आहे खरं तर.
पाठीवर डबा, लॅपटॉप.
सहकारनगर ते खडकी, जाऊन-येऊन,
रविवारी बोपदेव घाट.
आणि हवा?
आठवली की भरते.
यावर ते काहीच बोलले नाहीत.
नाना पेठेत गप्प बसण्याचीही
मजुरी लावतात की काय, असं वाटून गेलं.

मागचं चाक काढलं, अंगठा फिरवला रबरावरून.
"गोलाई गेली बघा. मधोमध सपाट, पोळपाटच.
माणूस बसतो मागच्या चाकावर,
जोर लावतो मागच्या चाकातून,
आणि नाव रस्त्याचं."

रस्ताही काही साधा नाही, मी म्हटलं.
खणलेला, बुजवलेला, पुन्हा खणलेला,
डांबर निघून खडी दात विचकून बसलेली.
ते सुईने एकेक टोचून काढत होते
आणि बशीत ठेवत होते:
हिरवी काच, पुन्हा हिरवी काच, तारेचं टोक,
एक काळा, बोथट खडा.
हा बोपदेवचा, म्हणाले.
कसा ओळखला कोण जाणे.

मग एका जागी अंगठा थांबला.
तिथे रुपयाएवढं रबर खरवडून गेलेलं.
"इथे ब्रेक करकचून. कुत्रं?"
टेम्पो, मी म्हटलं. येवलेवाडीचा उतार.
त्यांनी मान हलवली,
एखादी जुनी ओळख निघावी तशी.

टायरवर दोन बारीक छिद्रं असतात,
टाचणीच्या डोक्याएवढी.
ती दिसेनाशी झाली की टायर संपला.
माझी केव्हाच मिटली होती.
नवा होता तेव्हा मी त्यांनाच
पंक्चर समजून दुकानात धावले होते.

पुढच्याची छिद्रं मात्र शाबूत.
कडेला नुसत्या बारीक भेगा, टाचेला पडतात तशा.
पुढचा सुधन्वादादाचा.
सायकलच त्याची.
गुडघ्यांनी नकार दिला तेव्हा
चिंचवडहून रिकाम्या टेम्पोत घालून पाठवली,
सोबत एक वही: तारीख, किंमत, किलोमीटर.
दर रविवारी फोन.
चढलीस का? पुढच्यात हवा जरा कमी ठेव हं.
माझा टायर किती झाला?

मागचे तीन गेले, पुढचा तोच.
वहीत आठ हजार नऊशे बारा.

गुलाबभाई म्हणाले, नवा पुढे घाला, हा मागे.
उतारावर मागचा फुटला तर शिव्या,
पुढचा फुटला तर टाके.
पण मागे घातला तर झिजेल ना हा?
"टायर आहे, ताई."
आणि नुसता ठेवून दिला तर? घरी, खुंटीला?
"खुंटीलाही मरतो. ऊन खातो, वारा खातो, कडक होतो.
चालला नाही म्हणून टिकला
असा टायर मी तरी पाहिला नाही."

मी बशीतला काळा खडा उचलून खिशात टाकला.
का ते विचारू नका.
घाला म्हटलं.

रविवारी घाटमाथ्यावर, घाम वाळायच्या आत, फोन.
पुढचा कसा आहे माझा?
अगदी नव्यासारखा, मी म्हटलं.
यात तसं खोटं काही नव्हतं.
पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली, मग दुसरी.
मग दादा म्हणाला,
मागे घातलास ना?
हो.
मग आता हवा जरा जास्त भर.
आणि कितीवर हलवलास
ते लिहून ठेव.